मोकळवाट

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सदानंद मोहित्यांचं विमान इब्राहीम मुजावरांच्या खांद्यावर पडलं. दोघांची मैत्री एकेचाळीस वर्षांची होती आणि विमानाचं वजन होतं पावणेतीन किलो.

पाटणच्या वर जानाईचं पठार आहे. कराडच्या मॉडेल विमान मंडळाचा मेळावा दरवर्षी तिथं भरतो. २०३६ सालच्या त्या मेळाव्याला चारेकशे माणसं जमली होती. सदानंद मोहिते, म्हणजे तात्या, एसटीच्या वर्कशॉपातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर. मंडळातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली विमान उडवायला शिकलेली. इब्राहीमचाचा शाळेत भूमिती शिकवायचे. ते स्वतः कधी उडवत नसत, पण तात्यांच्या प्रत्येक विमानाच्या पंखाचं गणित त्यांच्या वहीत मांडलेलं असायचं.

तात्यांनी तीन मीटर पंखांचं ग्लायडर कड्याच्या पलीकडं नेलं, वर चढणाऱ्या हवेवर उंच घेतलं आणि उजवं वळण देत परत आणलं. आता वळण मोडायचं आणि सरळ यायचं, एवढंच राहिलं होतं. वळण मोडलंच नाही. ते आवळत गेलं, नाक खाली आलं आणि विमान गिरक्या घेत, बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसांवर आलं. माणसं पांगली. चाचा पांगले नाहीत, कारण ते वर बघतच नव्हते.

तात्यांची मुलगी तेजस्विनी पुण्याहून मेळाव्याला आली होती. चाचांपर्यंत पहिली ती पोचली. खांद्याचं हाड मोडलं होतं, भुवईवर खोल चीर गेली होती. डोळा एका बोटाच्या अंतरानं वाचला होता.

"सदा कुठाय?" चाचांनी विचारलं. "त्याला सांगा, मी बरा आहे."

तात्या जिथं उभे होते तिथंच उभे होते. विमान चालवायचा रेडिओ-सेट छातीशी, दोन्ही अंगठे स्टिकवर. विमान पडून मिनिट झालं होतं, तरी स्टिक त्यांनी पूर्ण डावीकडं दाबून धरली होती.

*

तीन दिवसांनी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष धनाजी बाबर, मार्केटमध्ये त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस सरळ, पण घाबरलेला. मेळाव्यात लहान मुलं होती, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

"तात्या, राग मानू नका. चहाचा कप धरताना तुमचा हात हलतो, हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. आजपासून सत्तरीच्या पुढच्या माणसानं उडवायचं नाही, असा ठराव मांडतोय."

तात्या म्हणाले, "हात हलतो, खरंय. पण ते माझ्या हातनं गेलं नाही. रेडिओ गेला. दोन सेकंद विमान बहिरं झालं होतं. कुणाच्या तरी फोननं नेला त्याचा कान."

मागं कुणीतरी हसलं. फोनमुळं मॉडेल विमान पडतं, ही समजूत मंडळात पंचवीस वर्षांपूर्वीची होती. त्या काळी मैदानावर तशी पाटीही होती. नवीन पोरांनी ती काढून टाकली होती.

"आपल्यात तज्ज्ञ बसल्यात की," धनाजी म्हणाले. "तेजूताई, तुम्हीच सांगा."

तेजस्विनीचं कामच ते होतं. पुण्याच्या एका रेडिओ-चाचणी केंद्रात ती वरिष्ठ इंजिनिअर होती. तिनं उभं राहून समजावून सांगितलं.

जुन्या काळचा सेट एकाच लहरीवर बोलायचा. ती वाट अडली की विमान गेलं. आताचा सेट एका वाटेवर थांबतच नाही. ऐंशी वाटांपैकी हिच्यावरून तिच्यावर तो सेकंदाला शंभरदा उडी मारतो, आणि उड्यांचा क्रम फक्त त्याला आणि विमानातल्या रिसीव्हरला ठाऊक असतो. एखाद्या फोनचा आवाज पाच-सहा वाटांवर आडवा आला, तरी उरलेल्या वाटांवरून निरोप पोचतो. आणि नव्या फोनमध्ये तर 'मोकळवाट' आहे. टॉवर मिळाला नाही की असा फोन थेट उपग्रहाशी बोलतो. त्यासाठी तो आसपासच्या सगळ्या वाटा उसन्या घेऊ शकतो, पण आधी कान देऊन ऐकतो. कुणी बोलत असेल, तर तो तोंड उघडत नाही.

"मोकळवाट सध्या चाचणीपुरती काही लाख फोनांत आहे," ती म्हणाली. "येत्या एप्रिलपासून देशभर चालू होईल. मॉडेल विमानांना तिचा अडथळा होत नाही, हा अहवाल माझ्याच सहीचा आहे." मग ती वडिलांकडं वळली. "तात्या, फोननं विमान पडत नाही. मी स्वतः तपासलंय."

तात्यांनी पिशवी जवळ ओढली.

"तू तपासलंयस ना? मग झालं."

त्यांनी पिशवीतून सेट काढला, धनाजींच्या टेबलावर ठेवला आणि चपला घालून बाहेर पडले. ठराव हात वर करून मंजूर झाला.

*

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघण्याआधी तेजस्विनी चाचांना भेटायला गेली. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. एक हात गळ्यात, कपाळावर पट्टी.

"चाचा, तात्यांच्या वतीनं माफी मागायला आलेय."

"कशाची? बस आधी." त्यांनी मोकळ्या हातानं स्टूल ओढलं. "मी का पळालो नाही, कुणी विचारलं का तुला? मी विमान बघतच नव्हतो बेटा. मी विमान कधीच बघत नाही. विमान आभाळात कुणालाही दिसतं. मी सदाचे हात बघतो. चाळीस वर्षं तेच बघत आलोय. हात काय करतात आणि मग सावली जमिनीवर कशी वळते, एवढंच."

"मग?"

"हातांनी डावीकडं सांगितलं. वेळेवर सांगितलं. थरथर नाही, घाई नाही. आणि सावली उजवीकडंच गेली. मला नवल वाटलं, म्हणून मी हातांकडंच बघत राहिलो. तेवढ्यात धाडकन आलं." ते हसले, तसं खांद्यातून कळ गेली. "न्यायालयात उभं केलं तरी हेच सांगीन. मार मला लागलाय, म्हणजे माझी साक्ष धरायला हरकत नसावी."

घरी परतून तेजस्विनीनं वडिलांच्या अडगळीच्या खोलीतून मोडलेलं ग्लायडर काढलं. रिसीव्हर चेपला होता, पण आतली नोंदीची चिप शाबूत होती. तिनं ती लॅपटॉपला जोडली. विमान पडण्याआधीच्या एक पूर्णांक नऊ सेकंदांत सेटचा एकही निरोप पोचलेला नव्हता. एकशे नव्वद उड्या मारल्या होत्या आणि एकशे नव्वदही वाया गेल्या होत्या.

 सिग्नल गेला होता, एवढं सिद्ध झालं. तो कशानं गेला, हे नाही. वायर सैल असेल, बॅटरी दमली असेल. पण ऐंशीच्या ऐंशी वाटा एकाच वेळी अडवू शकणारी एक गोष्ट तिला माहीत होती. त्या मोकळवाटेवर तिनंच शिक्का मारला होता.

स्वयंपाकघरात तात्या एकटेच भाकरी खात होते. ती समोर बसली.

"तात्या, विमान बहिरं झालं होतं. चिपमध्ये आहे."

"मला चिप नको दाखवू. माझ्या अंगठ्याला कळलं होतं."

"का झालं ते शोधायचंय. पठारावर जायचंय. तुम्ही उडवा."

"मला बंदी आहे."

"मंडळाच्या मेळाव्यात बंदी आहे. पुढच्या गुरुवारी पठारावर गुरं असतील, मंडळ नसेल."

तात्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "एक सांग. कुणाच्या शब्दावर आलीस? माझ्या, का चिपच्या?"

ती खोटं बोलली नाही. "चाचांच्या."

"मग येतो," तात्या म्हणाले. "इब्राहीम खोटं बोलत नाही."

*

पुढच्या गुरुवारी तिघंही गेले. चाचांना कुणी बोलावलं नव्हतं. गाडी निघायच्या वेळी ते गळ्यात हात बांधून दारात उभेच होते.

तेजस्विनीनं केंद्रातून मोकळवाटेचे चार फोन आणले होते. तात्यांनी जुनं, जड ग्लायडर आणि घरातला दुसरा सेट काढला, तोही तसाच उड्या मारणारा. त्याच्या रिसीव्हरला शिकवून ठेवलं, की निरोप तुटला तर घाबरायचं नाही, हलकं डावं वळण घेत आभाळातच तरंगत राहायचं. मोकळ्या पठारावर दीडशे मीटर उंचीवर ते फिरू लागलं. तेजस्विनीनं चारही फोन सेटभोवती धरले, त्यांचा टॉवर बंद केला आणि चारही मोकळवाटेवर चालू केले.

काहीच झालं नाही. फोन सेटला ऐकत होते आणि निमूटपणे गप्प बसत होते. तिनं ते पन्नास पावलांवर नेले, शंभरावर नेले. तरी काही नाही. अहवाल अक्षर न् अक्षर खरा होता.

"तुझं यंत्र शहाणं आहे की," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला लागलं.

ती चालत कड्याकडं गेली. मेळाव्याच्या दिवशी माणसं कुठं कुठं होती, हे आठवत होती. जेवणाची पंगत कड्याखाली होती. तिथं सावली पडते, म्हणून झुणका-भाकरीवाल्या बायकांनी खाली चुली मांडल्या होत्या. ती पायवाटेनं वीस-पंचवीस फूट खाली उतरली. तिच्या फोनवरचं टॉवरचं चिन्ह गेलं आणि उपग्रहाचं आलं.

तिनं वर बघितलं. कड्याच्या काळ्या कातळावरून ग्लायडर तरंगत येत होतं. स्वच्छ दिसत होतं. तात्या दिसत नव्हते.

 विमान दिसतंय, तात्या दिसत नाहीत. सेटच्या लहरी उजेडासारख्याच सरळ जातात. मधे पाषाण आला की थांबतात. म्हणजे इथल्या फोनला सेटचा आवाज ऐकू येणारच नाही. तो कान देईल, त्याला सगळं शांत वाटेल आणि तो सगळ्या वाटा उसन्या घेऊन, पूर्ण जोर लावून वर बोलेल. वर, जिथं विमान आहे. देवळाच्या शिखरावर बसलेल्या माणसाला दोन्ही गल्ल्यांतल्या हाका ऐकू येतात. गल्ल्यांतल्या माणसांना एकमेकांच्या येत नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि शिखरावरच्याला मात्र काहीच समजत नाही.

तिनं चाचण्या केल्या होत्या त्या केंद्राच्या हॉलमध्ये आणि सपाट मैदानावर. तिथं फोनला सेट ऐकू यायचाच. महाराष्ट्राचा निम्मा भाग कडेकपारींचा आहे, हे तिला शाळेपासून पाठ होतं. अहवाल लिहिताना ते आठवलं नव्हतं.

ती धापा टाकत वर आली. विमान उतरवायला लावलं आणि सगळं पुन्हा मांडलं, या वेळी कुणाच्याही मताला जागा न ठेवता. वीस चिठ्ठ्या केल्या, काहींवर 'बोल', काहींवर 'नको'. त्या चाचांच्या टोपीत टाकल्या. चाचा चार फोन घेऊन कड्याखाली बसले. घड्याळं जुळवली. दर दोन मिनिटांनी एक चिठ्ठी काढायची, ती सांगेल तसं करायचं आणि वहीत लिहायचं. तात्यांना काही माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

"विमान बहिरं झालं असं वाटलं, की फक्त 'गेला' म्हणा," ती म्हणाली.

बॅटरी बदलायला दोनदा उतरावं लागलं, ते धरून काम तासभर चाललं. तात्या आभाळाकडं बघत अंगठ्यांनी विमानाला बारीक बारीक हाका मारत होते. मधेच, शांतपणे, "गेला" म्हणत. मग "आला". तिच्या पडद्यावर तुटलेल्या निरोपांची लाल रेघ त्यांच्या शब्दानंतर अर्ध्या सेकंदानं उमटायची.

शेवटी चाचा वही घेऊन वर आले. ते बोलले होते अकरा वेळा. अकरापैकी दहा वेळा तात्या 'गेला' म्हणाले होते. चाचा गप्प होते त्या नऊ वेळांत एकदाही नाही.

तेजस्विनी गवतात बसली. "तात्या, माझं चुकलं."

"अहवालाचं का?"

"अहवालाचं तर चुकलंच. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर... मी तुम्हाला विचारलं सुद्धा नाही, नक्की काय झालं म्हणून."

तात्यांनी सेट बंद केला, पट्टा गळ्यातून काढला. "नाही विचारलंस," ते म्हणाले. "आता विचारलंस. चल, इब्राहीमला उन्हात उभं करू नको."

*

तिच्या वरिष्ठ डॉ. वैजयंती परांजपे यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एप्रिलमध्ये मोकळवाट चालू होतेय. दऱ्याखोऱ्यांतल्या माणसाला पहिल्यांदा फोन मिळणार आहे, तेजस्विनी. बाळंतपणाला गाडी बोलावता येणार आहे. आणि तू म्हणतेस खेळण्यातल्या विमानांसाठी ते थांबवा?"

"मॅडम, त्याच वाटांवर आरोग्य केंद्रांची लस नेणारी ड्रोन उडतात. द्राक्षबागांतली फवारणीची उडतात. खेळण्यातलं विमान आधी पडलं, एवढंच. आणि थांबवा म्हणत नाही. दुरुस्त करून चालू करा म्हणतेय."

"अहवालावर सही तुझी आहे."

"म्हणूनच मागं घेता येईल. दुसऱ्या कुणाची असती तर भांडावं लागलं असतं."

वैजयंतीबाई थोडं हसल्या, पण पुढचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. "उडवणारा तुझा बाप. फोन धरणारा त्याचा मित्र. नोंदी घेणारी तू. मंजुरी देणाऱ्या समितीत मी बसले असते तर पहिल्याच पानावर फाईल मिटली असती. आणि अहवाल मागं घेतलास, तर प्रकल्प तुझ्याकडं राहणार नाही. ते माझ्या हातात नाही."

"प्रकल्प जाऊ दे. समितीला पठारावर बोलवा. विमान त्यांचं, सेट त्यांचा, पायलट त्यांचा. फक्त जागा आमची."

वैजयंतीबाईंनी तिच्यासमोरच पत्र लिहायला घेतलं.

*

समितीचे तिघं फेब्रुवारीच्या शेवटी आले. त्यांची पायलट होती प्रज्ञा खंडागळे. वय एकोणतीस, ड्रोन-पायलटांना शिकवणारी आणि हातानं सफाईदार. मंडळातून धनाजी बाबर आले. तात्यांनाही यायला सांगितलं होतं, पण ते लांब, जीपच्या सावलीत उभे राहिले.

"तुम्ही जवळ थांबा ना," तेजस्विनी म्हणाली.

"मी जवळ दिसलो तर म्हणतील, म्हाताऱ्यानं काहीतरी केलं. पोरीला उडवू दे."

पहिले दोन प्रयोग नीट पार पडले. चिठ्ठ्या समितीनं काढल्या, फोन समितीच्या माणसानं धरले. विमान बहिरं झालं, वळत राहिलं, परत आलं. समितीचे प्रमुख मान हलवत लिहून घेत होते. तिसऱ्या वेळी वारा फिरला. विमान उतरणीला लागलेलं, जमिनीपासून चाळीस मीटरवर. त्याच क्षणी खालचा फोन बोलू लागला.

प्रज्ञानं स्टिक डावीकडं दाबली. विमान ऐकेना. तिनं आणखी दाबली, मग मागं ओढली. सगळा जीव अंगठ्यांत आणला. कुणाही चांगल्या पायलटनं हेच केलं असतं, आणि धोकाही त्यातच होता. कारण फोन गप्प झाला की विमान त्या क्षणी जागं होणार, आणि जागं होताच त्याला मिळणार होता तो पूर्ण डावा, पूर्ण मागचा हुकूम. इतक्या कमी उंचीवर ते उलटंच झालं असतं. आणि विमानाचं नाक माणसांकडं होतं.

"स्टिक सोड!" जीपपासून तात्यांचा आवाज आला. वर्कशॉपातल्या इंजिनांच्या घरघरीवरून पलीकडं पोचणारा आवाज. "मधे सोड पोरी, मधे! ते आपलंआपलं तरंगतंय. जागं झालं की मग हळूच सांग!"

प्रज्ञानं अंगठे उचलले. तिनं तसं का केलं, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. आवाजात ऐकावं असं काहीतरी होतं, एवढंच ती म्हणाली. दीड सेकंद विमान हलकं डावीकडं झुकत खाली येत राहिलं. मग त्याला जाग आली. तिनं दोन बोटांनी त्याला सरळ केलं आणि समितीच्या टेबलापासून वीस पावलांवर गवतात उतरवलं.

 धनाजी बाबरांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

समितीचे प्रमुख तेजस्विनीकडं वळले. "अडथळा होतो, हे मान्य. उपाय काय? फोननं आणखी लक्ष देऊन ऐकायचं म्हटलं, तरी कड्याआडचं त्याला ऐकू येणार नाही."

तेजस्विनीकडं तीन पर्याय लिहिलेले होते. तिन्हींत खोट होती, हे तिला माहीत होतं. ती कागद उलगडत असताना तात्या पुढं आले.

"मी शिकलेला नाही त्यातलं," ते म्हणाले. "पण तुमचा फोन बोलणाऱ्याला शोधतोय. बोलणारा कड्याआड. ज्याला ऐकायचंय तो तर वर आहे, सगळ्यांना दिसतोय. त्यालाच बोलू द्या की. विमानानंच सांगावं, 'मी इथं ऐकतोय, गप्प बसा.' एसटी मागं घेताना ड्रायव्हरला मागचं काय दिसतंय? मागं उभा असतो तो कंडक्टर शिट्टी मारतो."

तेजस्विनीनं कागद परत दुमडला. ज्याच्या कानावर गोंगाट पडतो त्यानंच हाक द्यायची. विमान उंचावर असल्यामुळं ती हाक कड्याखालीही पोचणार. त्याला लागणार होतं नखाएवढं यंत्र आणि सेकंदाला दोनदा एक चिवचिवाट. फोनला फक्त तो ओळखायला शिकवायचं. त्या मोठमोठ्या हॉलमध्ये बसून दोन वर्षांत हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"होईल का?" प्रमुखांनी विचारलं.

"होईल," ती म्हणाली. "सात-आठ महिने द्या."

*

मोकळवाट एप्रिलऐवजी डिसेंबरात चालू झाली. प्रकल्पाचं प्रमुखपद तेजस्विनीकडून गेलं, वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या तसंच. शिट्टीचं काम मात्र तिच्याकडंच राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. त्यासाठी ती दर पंधरा दिवसांनी पाटणला यायची. कधी तात्या विमान उडवत आणि ती कड्याखाली बसायची, कधी उलट. शेवटच्या तीन महिन्यांत फोननं चारेकशे वेळा बोलू पाहिलं, आणि प्रत्येक वेळी विमानाची शिट्टी ऐकून तो पाच-सहा वाटांवरच बोलला, बाकीच्या त्यानं विमानाला सोडल्या. कड्याखालच्या धनगरवाड्यावरून डिसेंबरात पहिल्यांदा थेट फोन लागला, तेव्हा वर एक विमान घिरट्या घालत होतं. बोलणाऱ्याला आणि उडवणाऱ्याला एकमेकांचा पत्ता लागला नाही.

जानेवारीत मंडळाची सभा भरली. धनाजी बाबरांनी स्वतःच उभं राहून सत्तरीचा ठराव मागं घेतला. तात्यांचा सेट वर्षभर त्यांच्या दुकानात कुलपात होता, तो त्यांनी तात्यांच्या हातात दिला आणि वाकून पायांना हात लावला. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर तात्या उभे राहिले.

"ठराव मागं घेतलात, बरं केलंत. आता माझा एक ठराव घ्या. फोनचा दोष होता तो फोनच्या पदरात पडला. पण माझा हात हलतो, तोही खोटा नाही. दरवर्षी मेळाव्याआधी प्रत्येकानं, वय कितीही असो, तीन वेळा विमान उतरवून दाखवायचं. पाच मीटरच्या वर्तुळात. तीनपैकी दोन बसली तर उडवायचं. नाहीतर शेजारी दुसरा माणूस जोडसेट घेऊन उभा राहील, गरज पडली तर विमानाचा ताबा घ्यायला. सुरुवात माझ्यापासून."

"तात्या, तुम्हाला कुणी म्हणतंय का?" तेजस्विनी पुटपुटली.

"तू तुझी सही तपासलीस," ते म्हणाले. "मी माझे हात तपासतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पठारावर चुन्यानं वर्तुळ आखलं. चाचांचा खांदा आता बरा होता. ते टेप घेऊन कडेला उभे राहिले. भूमितीच्या मास्तरांनी आखलेल्या वर्तुळाबद्दल कुणी शंका घेतली नाही.

पहिल्यांदा विमान वर्तुळात बसलं. दुसऱ्यांदा वाऱ्याच्या झोतानं पंख उचलला, तात्यांच्या उजव्या अंगठ्याला क्षणभर उशीर झाला आणि विमान रेघेच्या बाहेर सव्वा मीटरवर टेकलं. चाचांनी अंतर मोजलं, मोठ्यानं वाचलं आणि मैत्रीखातर एक सेंटिमीटरही सोडला नाही. तिसऱ्या वेळी तात्यांनी विमान लांबून, सावकाश, नाक किंचित वर धरून आणलं. तेजस्विनीनं या वेळी आभाळाकडं बघितलं नाही. तिनं वडिलांचे हात बघितले. थरथर होती. अंगठे तिला सांभाळून घेत होते, चाळीस वर्षांच्या सवयीनं, थांबत, वाट बघत. विमान वर्तुळाच्या मधल्या खुणेपासून दोन विती अलीकडं उतरलं.

"तीनात दोन," चाचा वहीत लिहीत म्हणाले. "सदानंद मोहिते, पुढच्या जानेवारीपर्यंत पास. पुढचं नाव, धनाजी बाबर."

अध्यक्षांनी घसा खाकरला, पँटला हात पुसले आणि सेट गळ्यात अडकवला.